लुगड्यांचा ल

शुक्रवार, रात्री

कापडवाल्याने बोर्ड बदलला. एवढंच झालं. तरी म्हापशाहून आल्यापासून माझं कशात लक्ष नाही, आणि वहिनीने दोनदा विचारलं, पोट बिघडलं का.

जुना बोर्ड पत्र्याचा. 'शालू, लुगडी, पातळे'. पिवळट जमिनीवर लाल अक्षरं, उजव्या अंगाला काळी सावली. त्यातला लुगड्यांचा ल! मधला देठ जाड, दोन्ही पाकळ्या फुगीर, आणि डावी पाकळी संपते तिथे ब्रश उचलल्याची बारीक शेपटी. शिरोरेषेखाली पेन्सिलीची आखणी अजून दिसायची. कोपऱ्यात 'पेंटर' एवढंच उरलेलं, पुढचं नाव उन्हाने खाल्लं होतं. लुगडी विकणं त्यांनी केव्हाच सोडलं, बोर्डावर मात्र ती होती.

नवा बोर्ड फ्लेक्सचा. 'लेडीज ड्रेस मटेरियल', बाजूला हसणारी बाई, आणि उजवीकडे काठी टेकून उभा राहिलेला हिंदीतला ल. श तर नाहीच. शालूच गेले, श कुठून येणार?

मला नेमकं काय लागलं? दुकान माझं नाही. तिथे मी शेवटचं कापड कधी घेतलं तेही आठवत नाही. पणजीतल्या फोंतेन्यश या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीत निळ्या-पांढऱ्या अझुलेजवर, म्हणजे चकचकीत रंगवलेल्या फरशीवर, घराचं नाव दिसलं की पर्यटक रांगेने फोटो काढतात. जुन्या पाटीवर 'फार्मासिया' पीएचने लिहिलेलं सापडलं, तर ते वळण 1911 च्या पोर्तुगीज स्पेलिंग-सुधारणेआधीचं, म्हणून जाणकार हरखतात. मीही हरखतो. पण त्या अक्षरांना वारसा म्हणायचं आणि आमच्या अक्षरांना पत्रा, हे काय? युरोपातला छापखाना आशियात पहिल्यांदा उतरला तो गोव्यात, 1556 साली. आणि 1616 मध्ये फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं मराठी 'क्रिस्तपुराण' गोव्यातल्याच रायतूरला छापलं गेलं ते रोमी लिपीत, नागरी खिळेच नव्हते. म्हणजे आमच्या ल ला इथे पहिल्यापासून जागा नव्हती, असं म्हणून रडता येतं. संध्याकाळी थोडा वेळ तेच केलं. बाबांच्या हिशेबाच्या वहीतला ल... ते राहू दे.

खरं सांगायचं तर बोर्ड गेल्याचं दुःख कमीच आहे. सगळा बाजार त्याच्याखालून गेला आणि कोणाच्या काही लक्षातच आलं नाही, ते जास्त लागलंय. की फक्त मलाच दिसतं याचा थोडा गर्वही आहे? असेल.

मालकाने हटकलंच. "कितें पळयता रे?"

"नवो बोर्ड."

"बरो दिसता मरे? रातीं लायट पेटता."

"आनी पोरनो?"

"फाटल्या शेडीचेर घाला. पावस गळटालो."

जुना पत्रा मागच्या शेडीवर घातला होता, पाऊस गळत होता म्हणून. अक्षरं वर की खाली, हे मी विचारलं. खाली, म्हणाले. वर ठेवली असती तर रंग उडाला असता. माझ्यापेक्षा त्यांनाच त्या रंगाची जास्त काळजी! मग मला जरा हसू आलं.

महाराष्ट्र सरकारने 2009 मध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले. पण गोवा महाराष्ट्रात नाही, ते 1967 च्या जनमत कौलातच ठरलं, आणि फ्लेक्सवाला पोरगा कुठलाच शासन निर्णय वाचत नाही. तोही काय करणार? युनिकोडात, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, दोन्ही ल चा क्रमांक एकच, कुठला दाखवायचा ते फॉण्ट ठरवतो. काही फॉण्टांत भाषा मराठी आहे असं सांगितलं की पाकळीचा ल आपोआप येतो. सांगणारं माणूस तेवढं हवं. एवढं सगळं पाकळीच्या ल साठी लिहिलं, आणि तुमच्या फोनवर तो काठी टेकूनच उभा असेल तर माझा इलाज नाही.

आता बाजारात कोणाचा बोर्ड नवा होतोय असं कळलं, की फ्लेक्सवाल्याकडे मी आधी जाऊन बसणार. पिसो म्हणतील, वेडा. म्हणू देत.