तुम्ही विचारलंत म्हणून: त्या दिवशी होडी का काढली नाही

"पार्किंगमध्ये होडी होती ना तुमची? मग त्या दिवशी काढली का नाही?"

लिफ्टमध्ये, वाण्याकडे, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला अजून विचारला जातो. आधी मी "फुटकी होती" एवढंच सांगायचो. त्यावर समोरचा मान डोलवतो, आणि त्या डोलवण्यात 'बरं, असू दे' असं काहीतरी असतं. ते मला सहन होत नाही. म्हणून एकदा सगळं सांगतो.

तो दिवस म्हणजे २५ जुलै २०२४. पुण्यात सिंहगड रस्त्याला, एकतानगरीच्या बाजूला काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, निम्म्यांनी ते सोसलंय. खडकवासला धरणाचा विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात, घाटमाथ्यावर धो धो पाऊस, आणि उजाडायच्या आत नदी आमच्या फाटकातून आत. ते पुन्हा सांगत नाही. होडीचं सांगतो.

ॲल्युमिनियमची, बारा फुटी, चपट्या तळाची, रिबिटांनी जोडलेली मासेमारीची होडी. पानशेतच्या बाजूला बोटिंग बंद पडलेल्या एका जागी शेडमागे पडून होती. भंगारवाला किलोच्या भावाने नेणार होता, त्याच भावाने मी घेतली. मला गळ टाकायला आवडतं, ठेकेदाराला विचारून बॅकवॉटरला शांत बसायला आवडतं, आणि हातात काम लागतं. होडी कशाला घेतली याचं उत्तर इतकंच आहे.

ॲल्युमिनियम लोखंडासारखं गंजून झडत नाही. हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि तोच आतल्या पत्र्याला सांभाळतो. म्हणून अशा होड्या वर्षानुवर्षं टिकतात. पण रिबिटं सैल होतात, मागचा लाकडी फळा कुजतो, होडीला तरंगतं ठेवणारा बाकांखालचा फोम पाणी पितो. माझ्या होडीत तिन्ही झालं होतं. फळा हाताने चुरगळत होता. फोम इतका भिजला होता की एक बाक उचलायला दोघं लागले.

गळती शोधायची तर होडी पाण्यात सोडून उपयोग नसतो, पाणी होडीत भरावं लागतं. लाकडी घोड्यांवर ती सुलटी ठेवायची, आत वीतभर पाणी ओतायचं आणि खाली आडवं पडून बघायचं. थेंब जिथून निघेल तिथे मार्करने गोल. मधल्या जोडावर, मागच्या अर्ध्या भागात, गोलांची रांग लागली. त्यातली काही रिबिटं ठोकून घट्ट झाली. बाकीची ड्रिलने काढावी लागली, कारण त्यांची भोकं लांबट झाली होती आणि तिथे जाड रिबिट बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आता इथे मला सल्ले देणारे खूप होते. एक आर्गन वेल्डिंगवाला म्हणाला, अर्ध्या तासात भरून देतो. त्याचं काम चांगलं असतं, पण ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइड वितळायला २००० अंशांच्या वर जावं लागतं. शिवाय तापल्यावर ते लोखंडासारखं लाल होत नाही, त्यामुळे पत्रा कधी ढासळेल ते डोळ्याला कळत नाही. जुना दीड मिलिमीटरचा पत्रा, जोडात कोंबलेला जुना सीलंट, आणि वर ही उष्णता. एक भोक भरताना शेजारची चार रिबिटं सैल झाली असती.

दुसरा सल्ला पॉप रिबिटांचा. बोहरी आळीत पाकिटांनी मिळतात, एकटा माणूस बाहेरून बसवू शकतो, एका दुपारचं काम. पण साध्या पॉप रिबिटाची मधली तार तुटून निघते आणि नळी पोकळ राहते. बंद तोंडाची मिळतात, पण पाण्याच्या सततच्या आपटण्याने पातळ पत्र्यात तीही ढिली पडायला लागतात. भरीव रिबिट ठोकलं की त्याचा दांडा आत फुगतो आणि भोक पूर्ण भरतो. मात्र त्याला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडा मारणारा, दुसरा आतून लोखंडी डॉली दाबून धरणारा. आणि मारणाऱ्याला मऊ धातूचं अंग कळावं लागतं, कारण जास्त ठोकलं की ॲल्युमिनियम कडक होऊन डोकं तडकतं. कसब्यातल्या तांबट आळीतले एक काका यायला तयार झाले. आयुष्यभर तांब्यावर हात चाललेला माणूस. चार रिबिटांतच त्यांनी मला दाखवून दिलं की मी जे करत होतो ती नुसती ठोकाठोक होती. मग मे महिन्यात त्यांच्या खांद्याचं दुखणं निघालं. मी थांबायचं ठरवलं.

म्हणजे जुलैमध्ये होडी अशी होती: घोड्यांवर पालथी, मधल्या जोडाला मागच्या बाजूने उघडी भोकं, फळा नाही, बाकांखाली फोम नाही. पोरांनी ओढून अंगावर घेऊ नये म्हणून नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधलेली.

त्या दिवशी पहाटे मी जिन्यावरून खाली आलो तेव्हा पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी होतं आणि धाड धाड असा पत्र्याचा आवाज येत होता. होडी खांबावर आपटत होती. पुढचा भाग पाण्याच्या वर आणि मागचा बुडालेला. हा आवाज सगळ्या बिल्डिंगने ऐकला. आणि नंतर सगळ्यांनी सांगितलं, "आम्ही डोळ्यांनी पाहिली, तरंगत होती!" बादलीत पेला उपडा दाबला की हवा अडकून तो वर येऊ बघतो, तशी तिच्या पुढच्या भागात हवा अडकली होती. सुलटी केली असती तर भोकांतून पाणी आत शिरलं असतं आणि फोम नसल्यामुळे ती तळाला गेली असती. ॲल्युमिनियम पाण्यापेक्षा पावणेतीनपट जड आहे. हे मी किती जणांना सांगितलं असेल. ते ऐकून घेतात आणि म्हणतात, "पण तरंगत होती."

बी विंगच्या तळमजल्यावर एक आजी राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले. पानशेतचा पूर त्यांनी पाहिलेला, १२ जुलै १९६१ ही तारीख त्या आम्हाला पोरांना सांगावी तशी सांगायच्या. पलंगाला पाणी लागलं तेव्हा त्यांच्या मुलाने हाका मारल्या. आम्ही चौघं गेलो. प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवलं, साडीने बांधलं, खुर्ची खांद्याच्या उंचीला घेतली आणि जिन्याकडे निघालो. मधे पडलेली स्कूटर पाण्याखाली दिसत नव्हती. पुढचा मुलगा तिला अडखळला, खुर्ची कलली आणि आजी मानेपर्यंत पाण्यात गेल्या. क्षणभरच. आम्ही उचललं. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त तोंडातलं गढूळ पाणी थुंकत राहिल्या. आणि हे सगळं होत असताना मागे तो आवाज चालूच होता. धाड, मग पाणी ओढलं की दोरी ताणायची, पुन्हा धाड.

खुर्चीचा मागचा डावा पाय माझ्या हातात होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चौघं होते एवढं सगळ्यांना आठवतं, कोण होते ते नाही. सांगितलं असतं तर ते प्रशस्तिपत्र मागितल्यासारखं झालं असतं.

नंतर अग्निशमन दलाची आणि लष्कराची माणसं बोटी घेऊन आली, लोकांना बाहेर काढलं. आजींना छातीत संसर्ग झाला, दवाखान्यात राहावं लागलं, त्यातून त्या उठल्या. आता त्या चिंचवडला मुलीकडे असतात. पूर ओसरल्यावर सोसायटीची मीटिंग झाली तेव्हा त्यांचा मुलगा उभा राहिला आणि एकच वाक्य बोलला: "माझ्या आईला खुर्चीवरून नेलं आणि यांची होडी खांबाला बांधलेली होती." मी उत्तर दिलं की होडी धड असती तरी तिचा उपयोग नव्हता. पाण्याखाली गाड्या, कंपाउंडच्या भिंतीवरचे भाले, वीज पूर्ण बंद झाली आहे की नाही ते खालून कळायला मार्ग नाही, आमच्यापैकी कुणाला प्रशिक्षण नाही, अंगात लाइफ जॅकेट नाही.

त्या उत्तरातलं फाटकाबाहेरचं सगळं मी आजही तसंच म्हणतो. रस्त्यावर पाण्याला ओढ होती, तिथे हौशी माणसाने होडी घालणं म्हणजे सुटका करणाऱ्यांचं काम वाढवणं. पण फाटकाच्या आत? आत पाणी जवळजवळ उभं होतं. तिथे इंजिन नको, वल्हं नको. दोन माणसांनी काठ धरून ढकलली असती तरी बी विंगपासून जिन्यापर्यंत ती गेली असती. मीटिंगमधल्या माझ्याशी मी यावर अजून भांडतो. तो म्हणतो, नसलेल्या होडीबद्दल कसला वाद घालतोस. मी म्हणतो, मे महिन्यात पॉप रिबिटं मारून सीलंट फासला असता तर त्या साठ-सत्तर पावलांपुरती ती होडी असती. तो म्हणतो, आणि कुणी तीच होडी बाहेर घेऊन गेलं असतं तर? यावर माझ्याकडे काही नाही. त्याच्याकडेही नाही.

एक मात्र लोकांनी समजून घ्यावं असं मला वाटतं. दुरुस्तीला घेतलेली होडी ही त्या काळापुरती होडी नसते. ती उघडल्याशिवाय बरी होत नाही आणि उघडली की ती कुणाच्याच कामाची नसते. गाडी गॅरेजमध्ये इंजिन काढून उभी असेल तर मालकाला कुणी विचारत नाही की दवाखान्यात का नेली नाहीस.

आता काही जण उलट बोलतात. ज्यांना पूर्वी ती पार्किंगमधली अडगळ वाटायची तेच म्हणतात, होडी सोसायटीसाठी सज्ज ठेवा, वर पत्र्याची शेड बांधून देऊ. मी नाही म्हणालेलो नाही. हो पण म्हणालेलो नाही. ती मासे धरायची होडी आहे, काठ बुटके आहेत, तिघांच्या वर माणसं घेतली की पाणी आत येईल. पुरात तिघांवर कोण थांबणार? तरी फोम भरताना माझा हिशेब बदलला, हे खरं. एक लिटर बंद पेशींचा फोम जवळपास एक किलो वजन पाण्यावर धरतो. होडीचा पत्रा पंचावन्न किलोचा धरला तर पाण्याखाली त्याचं वजन पस्तीस किलोच भरतं. तेवढ्यापुरता फोम टाकून भागलं असतं. मी बाकांखाली बसेल तेवढा सगळा भरला, पुढच्या टोकातही कोंबला, म्हणजे होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी तिला धरून माणसं तगतील.

नवा फळा भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या मरीन प्लायचा आहे. वाळवीच्या औषधात तांबं असतं तो प्लाय मी घेतला नाही, कारण ओलाव्यात तांबं ॲल्युमिनियमला खातं. कडा इपॉक्सीने बंद केल्या, बोल्ट स्टेनलेसचे आणि प्रत्येकाखाली सीलंट. तांबट काकांचा खांदा आता बरा आहे, रविवारी सकाळी ते येतात. मधल्या जोडाची डावी बाजू झाली, उजवी राहिली आहे. भरीव रिबिटंच बसवतोय. तुमच्यापैकी कुणाला रविवारी यायचं असेल तर या, आतून डॉली धरायला एक माणूस लागतो, आणि मधल्या वेळात जे विचारायचं असेल ते विचारा.