पीडितांच्या सोबतीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकायचा?

स्वयंसेवी संस्थांचे हिशेब तपासण्याच्या कामात बरीच वर्षे घालवल्यामुळे सरकारी पैसा कोणत्या वाटेने खाली येतो आणि कुठे अडतो, हे मला कागदांवरून थोडेफार कळते. महिलांची सुरक्षितता आणि गुन्ह्यांतील पीडितांचे साहाय्य हा विषय निघाला की निधी कमी असल्याची तक्रार होते. ती खोटी नाही, परंतु आलेला निधी कशावर खर्च करणे सोपे आहे आणि कशावर अवघड, याकडे आपण क्वचितच पाहतो.

दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, 2013-14 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी 1,000 कोटी रुपयांच्या निर्भया निधीची घोषणा केली. आर्थिक वर्ष संपल्यावर व्यपगत न होणारा, म्हणजे न वापरलेली रक्कम परत न जाणारा निधी, ही त्याची जमेची बाजू. त्यातून मुंबईसह 8 शहरांत सुरक्षित शहर प्रकल्प मंजूर झाले आणि कॅमेरे, पोलिसांची वाहने व प्रयोगशाळांची उपकरणे यांसाठी पैसा मिळाला. यातील एकही वस्तू अनावश्यक होती असे मी म्हणणार नाही. मात्र निविदा काढली, माल आला, देयक मंजूर झाले आणि पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेले, असा हा सरळ प्रवास असल्यामुळे मार्चअखेर जवळ आली की प्रत्येक कार्यालयाचा ओढा खरेदीकडे असतो. डिसेंबर 2022 मध्ये, मुंबई पोलिसांनी याच निधीतून घेतलेली काही वाहने लोकप्रतिनिधींच्या ताफ्यात वापरली जात असल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा लोक संतापले ते योग्यच होते. वाहन कुणाच्याही सेवेत धाडता येते. समुपदेशक बाईंना निदान ताफ्यात तरी लावता येत नाही.

त्याच निधीच्या आधाराने 1 एप्रिल 2015 पासून सखी वन स्टॉप सेंटर ही योजना सुरू झाली. अत्याचारग्रस्त स्त्रीला वैद्यकीय मदत, पोलिसांशी संपर्क, कायदेविषयक सल्ला, समुपदेशन आणि साधारण 5 दिवसांपर्यंतचा तात्पुरता निवारा एकाच छताखाली मिळावा, ही कल्पना उत्तम आहे. पण केंद्र चालते ते रात्रपाळीला बसणाऱ्या कर्मचारी स्त्रियांच्या बळावर, आणि त्यांची नेमणूक बहुधा कंत्राटी, ठरावीक मानधनावर असते. मागील हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही, ही शिस्त बांधकामाला ठीक आहे. माणसांच्या मानधनाला ती लावली की एका सहीसाठी महिनेच्या महिने पगार थकतो, अनुभवी कर्मचारी दुसरीकडे निघून जाते, आणि तिच्यावर विश्वास ठेवून बोलू लागलेल्या बाईला सगळी कहाणी नव्या व्यक्तीसमोर पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. हे नुकसान कोणत्याही लेखापरीक्षणात आक्षेप म्हणून नोंदले जात नाही.

याला उतारा महाराष्ट्रातच सापडलेला आहे, हे मला अधिक बोचते. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्त्या पोलिसांच्याच आवारात बसतील, परंतु त्या पोलीस नसतील, एवढी साधी त्याची रचना. तक्रार नोंदवायला आलेल्या स्त्रीला तिथेच कुणीतरी बसवून घेणार, तिला काय हवे ते विचारणार, पोटगी, निवारा, मुलांचा ताबा यांचा उलगडा करून सांगणार आणि गरज पडली तर अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत सोबत जाणार. पुढे राज्य शासनाच्या महिला व बालविकास विभागाने हे काम उचलले आणि ते जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. या कक्षासाठी लागते काय? एक खोली, एक कपाट आणि जाणत्या माणसांचा नियमित पगार. त्यातली खोली आणि कपाट लगेच मिळते.

नुकसानभरपाईची बाजू तुलनेने बरी आहे. 2 ऑक्टोबर 2013 पासून राज्यात मनोधैर्य योजना आहे. बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि अ‍ॅसिड हल्ला यांतील पीडितांना तिचा लाभ मिळतो. 2017 मध्ये अर्थसाहाय्याची कमाल मर्यादा 10 लाख रुपयांपर्यंत वाढली आणि निर्णय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे गेला. रकमेचा मोठा हिस्सा मुदत ठेवीत राहतो, हेही एका अर्थी शहाणपणाचे आहे. तथापि गुन्हा नोंदवल्यापासून साक्ष होईपर्यंतच्या काळात बसभाडे, बुडालेली मजुरी आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात शेजारी बसणारे माणूस या गरजा ठेवीच्या पावतीने भागत नाहीत. पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालील 2020 च्या नियमांमध्ये बालकासाठी सहायक व्यक्तीची तरतूद आहे, आणि तिचे शुल्क कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावे असेही त्यात लिहिले आहे. सोबत करणे हे कुशल काम असून त्याला दाम द्यावा लागतो, हे कायद्याने मान्य केले, याचे मला फार मोल वाटते.

वस्तीपातळीवरच्या सुरक्षिततेत तर बक्षिसाचीही रीत आहे. 2007 मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेत यशस्वी गावांना रोख पुरस्कार मिळत. जमिनीच्या बांधाचा वाद गावात मिटला तर आनंदच आहे; पण मारहाण झालेल्या सुनेची तक्रार हा मिटवायचा तंटा नसतो, तो नोंदवायचा गुन्हा असतो, आणि बक्षीस मिटवण्यावर असेल तर गावकीचे वजन कोणत्या बाजूला पडेल हे सांगायला नको. याउलट भिवंडीत सुरेश खोपडे यांनी पोलीस उपायुक्त असताना उभारलेल्या, पोलीस आणि वेगवेगळ्या धर्मांचे रहिवासी यांना एकत्र बसवणाऱ्या मोहल्ला कमिट्यांमध्ये यंत्रसामग्री नव्हती, बक्षीस नव्हते. सतत भेटीगाठी होत्या. 1992-93 च्या दंगलींत मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. हे फुकटात झाले, असे कौतुकाने सांगितले जाते. ते मला मान्य नाही. पोलिसांचे शेकडो तास त्यात गेले आणि त्या तासांचा पगार सरकारी तिजोरीतूनच निघाला होता.

जिल्हा वार्षिक योजनेतील 3 टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखून ठेवण्याचा निर्णय राज्याने घेतलेला आहे. जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत या रकमेतील निश्चित वाटा केवळ मानधनासाठी, किमान तीन वर्षांच्या हमीने आणि केंद्र सरकारच्या हप्त्याची वाट न पाहता वेगळा काढण्याचा ठराव एखाद्या सदस्याने मांडावा. तो शासन निर्णयाच्या चौकटीत बसत नाही असे उत्तर आले, तर ते लेखी मागून घ्यावे, म्हणजे चौकटीतले नेमके कोणते कलम बदलायचे हे तरी कळेल.