कॅसलरॉकची गाडी आणि मिठाचा हिशेब

बेळगाव सोडलं की देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी, लोंढा. मिरजेहून कॅसलरॉकला जाणारी ही गाडी कुणाच्याच घाईची नाही, म्हणून मला आवडते. मे महिन्यातली दुपार. गुंजीला एक मावशी करवंदांची पाटी घेऊन चढल्या. "घ्या की, रानातली हायत, गोड हायत." निम्मी आंबट निघाली, पण पानाच्या द्रोणातून खायची मजा वेगळीच.

लोंढ्याला शेजारी एक काका येऊन बसले. सगळी नोकरी याच मार्गावर झालेली. "पुढचा खरा घाट कॅसलरॉकच्या खाली, गोव्यातल्या कुळ्यापर्यंत. १ ला ३७ चा चढ. मागनं ढकलणारी बँकर इंजिनं लावल्याशिवाय मालगाडी वर येतच नाय." म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. असा घाट फोडायला पैसा किती लागला असेल? आणि तो दिला कुणी?

काळ बघा. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, आपला सगळा भाग होरपळलेला. सरकारनं ठरवलं की दरवर्षी दीड कोटी रुपये दुष्काळासाठी वेगळे काढायचे. त्यासाठी व्यापाऱ्या-कारागिरांवर लायसन टॅक्स बसवला. १८७८ मध्ये सुरतेत त्यावरून दंगल उसळली. आणि गोळा झालेला पैसा? अफगाण युद्धानं त्याला वाट दाखवली. इकडे वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड पेटलं. १८७९ च्या जुलैत ते पकडले गेले ते तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यात, म्हणजे आमच्या शेजारीच. दुष्काळी मुलखात धान्य पोचवायचं तर रेल्वे हवी, हे त्याच काळात सरकारच्या गळी उतरलं. बंडखोरांवर फौज धाडायलाही ती सोयीचीच, हे वेगळं सांगायला नको.

१८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी निघाली. भांडवल लंडनचं, हमी सरकारची. गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, भागधारकाला ठरलेलं व्याज मिळणारच. कमी पडेल ते इथल्या तिजोरीतून. त्यात व्याज पौंडांत मोजायचं. १८७० च्या सुमारास रुपयाला जवळपास २ शिलिंग (शिलिंग म्हणजे पौंडाचा विसावा भाग) यायचे, १८९४ मध्ये सव्वा शिलिंगही येईना. तेवढ्याच व्याजासाठी रयतेचे रुपये जास्त गेले. मला तर हा सौदा सरळसरळ एकतर्फी वाटतो.

गोव्याकडची बाजू आणखी मजेदार. धारवाड-हुबळीचा कापूस मुरगाव बंदरात न्यायचा होता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानं गोव्याचं मीठ इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि मोबदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळू लागले. या पैशाच्या भरवशावर पोर्तुगीज सरकारनं गोव्याकडच्या वेगळ्या रेल्वे कंपनीला व्याजाची हमी दिली. १८८१ मध्ये करारमदार झाले आणि १८८८ मध्ये रूळ कॅसलरॉकला येऊन भिडले. चुलीतल्या मिठावर घाट चढलेली ही रेल्वे! मीठ महाग झालं तेव्हा आगरातला माणूस काय म्हणाला असेल, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही.

करार १८९२ च्या जानेवारीत संपला, ४ लाख थांबले, हमी मात्र पोर्तुगिजांच्या गळ्यात राहिली. त्याच वर्षी खुद्द पोर्तुगालची तिजोरी दिवाळ्यात निघाली. रेल्वेची कमाई मात्र वाढेना. शेवटी १९०२ मध्ये गोव्याची लाईन चालवायचं कामही सदर्न मराठाकडेच आलं.

काकांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "असू दे हो. आमचा पगार तरी ह्याच रुळांवरनं आला." आणि तिनईघाटला पिशवी उचलून उतरले.

कॅसलरॉक तसं जोयडा तालुक्यात, म्हणजे बेळगाव जिल्हा मागेच सुटलेला. एकेकाळी इथं सरहद्दीची जकात तपासणी व्हायची. स्टेशन लहान, पण बाहेर चहा बरा मिळाला. आणि हो, इथून रुळांवरून चालत दूधसागरला जायचा बेत असेल तर सोडून द्या. रेल्वे पोलीस धरतात, आणि बोगद्यात गाडी समोर आली तर पळायला जागा नाही.