दिव्याचा मासा

खाडीत भरती चढत होती. तिसऱ्याच फेकीत आमिष म्हणून लावलेल्या माझ्या प्लास्टिकच्या माशात पाणी शिरलं आणि त्याचा लाल दिवा विझला. 900 रुपयांना ऑनलाइन घेतला होता.

शेजारी काका गरवत, म्हणजे गळाने मासे पकडत होते. हातात तंगुसाची (नायलॉनची) दोरी, टोकाला गरी (गळाचा आकडा), गरीला जिवंत कोळंबी. शेपटीजवळ अलगद टोचलेली, त्यामुळे पाण्यात उड्या मारत राहते. तासाभरात त्यांच्या टोपलीत दोन तांबोशा (खाडीतले तांबूस मासे).

"दिव्याक नाय रे, तांबोशी जित्या सुंगटाक येता," काका म्हणाले. सुंगट म्हणजे कोळंबी.

घरी येऊन पेटी उपसली. असले 14 नकली मासे निघाले. एकालाही कधी तांबोशी लागली नाही. पाच वर्षं काकांच्या शेजारी बसतोय, पण कोळंबी कशी टोचायची हे कधी विचारलंच नाही. याचं फार वाईट वाटतंय.

तुमच्या खाडीवर कोळंबी शेपटीकडून टोचतात की डोक्याकडून?