इंग्रजीच्या तासाला माळढोक आणि एका सहीसाठी पाच आठवडे (माझा अनुभव)

आधी एकच सांगतो, मुलांच्या क्षेत्रभेटीसाठी ऑफिसात अर्ज दिला की आवक नंबर घ्या. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी सोडलं आणि पाच आठवडे गेले.

मी सोलापुरात नववीला इंग्रजी शिकवतो. पर्यावरणावर निबंध दिला की मुलं पाठ केलेलं 'सेव्ह ट्रीज' लिहितात, नाहीतर पोलर बिअर. म्हणून एकदा फळ्यावर फक्त लिहिलं, हाऊ ऑफन डज वॉटर कम टू युअर हाऊस? कधी तोंड न उघडणारा मागच्या बाकावरचा पोरगा उठून म्हणाला, 'वन्स इन फाइव्ह डेज सर, नाइट टू ओ क्लॉक, मदर नॉट स्लीप.' ग्रामर चुकलं तर चुकू दे, त्या दिवशी वर्ग पहिल्यांदा इंग्रजीत बोलला.

मग 'माळ'ला इंग्रजीत काय म्हणायचं विचारलं तर निम्म्याहून जास्त जणांनी वेस्टलँड लिहिलं. मला ते लागलं. ज्या माळावर माळढोक पक्षी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालतो तो वेस्ट कसा? तिथंच ठरवलं, ह्यांना नान्नजच्या माळढोक अभयारण्यात न्यायचं. बार्शी रोडला वीसेक किलोमीटर, अभयारण्य १९७९ पासूनचं, आणि वर्गातल्या एकानंही बघितलेलं नाही.

मुख्याध्यापक, पालकांची संमतीपत्रं, गाडी, अभयारण्याची परवानगी, सगळं आठवड्यात झालं. राहिली फक्त वरच्या ऑफिसातली क्षेत्रभेटीची मंजुरी.

पहिल्या खेपेला तिथले भाऊसाहेब म्हणाले, 'ओ सर, इंग्रजीवाल्यांची कसली क्षेत्रभेट? पर्यावरण लिहिलंय, हे विज्ञानाच्या टेबलला द्या.' विज्ञानाच्या टेबलवर सांगितलं, अर्ज इंग्रजी शिक्षकाचा आहे, आमच्याकडं चालत नाही. दुसऱ्या खेपेला, नववीला जलसुरक्षा विषय आहे ना, त्या शिक्षकांच्या नावानं आणा. तिसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. चौथ्या खेपेला अर्जच सापडेना आणि माझ्याकडं पोच नाही! उन्हात पार्क चौकापर्यंत चालत आलो, इतका संताप झाला होता की रिक्षा करायचं सुचलं नाही. पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा म्हणून सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये एम. सी. मेहतांच्या याचिकेवर सांगितलंय, त्याचा कागदसुद्धा जोडला होता, तो कुणी उलटून बघितला नाही.

शेवटी एका जुन्या मॅडमनी सांगितलं, सर, उद्देशाच्या रकान्यात पर्यावरण जागृती लिहूच नका, पाठ्यपुस्तकातलं घटकाचं नाव आणि पान नंबर टाका. मी लिहिलं, 'रिपोर्ट रायटिंग व मुलाखत'. दोन दिवसांत सही. काम झालं, पण तो शब्द काढायला लागला ह्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊ पण नये.

जायच्या आधी पॅसिव्ह व्हॉइस ह्याच पक्ष्यावर घेतला. द एग इज लेड ऑन द ग्राउंड. मेनी बर्ड्स आर किल्ड बाय पॉवर लाइन्स. माळढोकाला समोरचं नीट दिसत नाही, अंग जड, त्यामुळं विजेच्या तारा चुकवता येत नाहीत, हे सांगितल्यावर वाक्यं पाठ करायला लागली नाहीत.

माळढोक दिसला नाही, आता तो क्वचितच दिसतो, मुलांना आधीच सांगितलेलं. पण काळविटांचा कळप दिसला. मुलांनी तिथल्या वनरक्षकांना विचारायचे प्रश्न आधी इंग्रजीत लिहिले आणि विचारताना मराठीत केले. एका मुलीनं वहीतला वेस्टलँड खोडून ग्रासलँड केलं आणि खाली बारीक अक्षरात यादी केली, ग्रासहॉपर, लिझर्ड, लार्क, ब्लॅकबक, शेफर्ड. तिला शाब्बास म्हणताना माझाच आवाज भरून आला.

हां, पाण्याचे जार जास्त घ्या, माळावर सावली नाही. आणि पाऊस झाल्यावर जा, गवत हिरवं असतं.

आता हिप्परग्याच्या तलावाचा अर्ज तयार आहे. सोमवारी देतोय, दोन प्रती काढल्यात, एकीवर शिक्का घेऊनच निघणार.