मंगळवारची सावड

गेल्या महिन्यात एका मंगळवारी संध्याकाळी, सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी मला खोरे कसे धरायचे ते शिकवले. मी कोरेगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा आहे. उसाच्या सरीत पाणी फिरवण्यासाठी दारे धरायला मी शाळेत असतानाच शिकलो होतो, त्यामुळे त्या पाच मिनिटांत जो राग आला तो मला घरी येईपर्यंत पुरला.

येथे इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये मी शनिवारी सकाळी नऊच्या पार्करनला जातो. 2004 मध्ये लंडनच्या बुशी पार्कात तेरा धावकांनी सुरू झालेला हा पाच किलोमीटर धावण्याचा उपक्रम आहे. तेथे भेटलेल्या एकाने मला गुडजिमच्या गटात ओढले. हे लोक ठरलेल्या संध्याकाळी एकत्र जमून धावत एखाद्या सार्वजनिक कामावर जातात, पाऊण तास काम करतात आणि धावतच परततात. कल्पना पूर्व लंडनमध्ये जन्मली. व्यायामशाळेत यंत्रांवर घाम गाळून शक्ती वाया घालवण्यापेक्षा ती कोणाच्या तरी उपयोगी पडावी, हा तिच्या संस्थापकाचा साधा विचार होता. एकट्या राहणाऱ्या वृद्धांकडे नियमितपणे धावत जाऊन त्यांच्याशी गप्पा मारणारे सभासदही या गटात असतात. त्यासाठी आधी गुन्हेगारी नोंदींची पडताळणी होते, आणि त्या वृद्ध व्यक्तीला 'कोच' म्हणतात, कारण तिच्यामुळे धावणारा घराबाहेर पडतो. म्हाताऱ्या माणसाला उपकाराखाली न ठेवता मानाची जागा देणारा हा शब्द ज्याला सुचला, त्याच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

त्या मंगळवारी आम्ही वीसजण कपाळावर दिवे बांधून तीन किलोमीटर धावत एका सामुदायिक बागेत पोहोचलो. ऑक्टोबरअखेरीस घड्याळे मागे गेली की येथे पाचच्या आत अंधार पडतो. फाटकापाशी झाडाच्या ढलप्यांचा पुरुषभर उंच ढीग पडला होता आणि तो बागेच्या मागच्या वाटांवर पसरायचा होता. बाग सांभाळणारे सहा-सातजण आहेत, बहुतेक निवृत्त. रोपे लावणे, बी धरणे, नोंदी ठेवणे हे ते उत्तम करतात, पण असा ढीग हलवायला त्यांना पंधरवडा लागला असता.

काम मात्र लगेच सुरू झाले नाही. आधी वहीत नावे लिहिली गेली. मग हातमोजे वाटले गेले आणि ते काढायचे नाहीत असे बजावण्यात आले, कारण मातीत काच असू शकते. त्यानंतर दाताळे खाली ठेवताना दाते मातीकडे असावेत, खोरे खांद्यावर टाकून चालू नये, ओझे उचलताना गुडघ्यात वाकावे, असे प्रात्यक्षिकासह सांगण्यात आले. मी खोरे हातात घेतले तर बाईंनी माझा खालचा हात एक वीत पुढे सरकवला. आमच्या गावात कोणी असा हात सरकवला असता तर तो अपमानच ठरला असता. ज्याला काम येते त्याला ते येते, हे त्याच्या उभे राहण्यावरून कळते, असे आम्ही मानतो. येथे ते कोणी पाहत नाही; वीसजणांपैकी एखाद्याने आयुष्यात खोरे पाहिलेले नसेल म्हणून वीसजणांना एकच पाठ. तर्क मला कळतो, तरीही तो मला अजून रुचलेला नाही.

पण त्यानंतर एकचाकी गाड्या न थांबता फिरत राहिल्या, कोणी मुकादमी केली नाही, आणि ढीग संपला. धावून आलेली माणसे गरम झालेली असतात, त्यांना अंग मोकळे करत कामाला लागावे लागत नाही, हे मी तेव्हा पाहिले. उरलेल्या वेळात आम्ही एका वाफ्यावर ओले पुठ्ठे अंथरून त्यांवर कंपोस्ट पसरले. येथे बरेच बागवाले आता जमीन खणतच नाहीत. त्या बाई हे मला नवलाईने समजावत होत्या, तेव्हा नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली बिननांगरणीची भातशेती आणि आमच्याकडचे उसाच्या पाचटाचे आच्छादन या दोन्ही गोष्टी मी त्यांना सविस्तर सांगितल्या. त्यांनी त्या वहीत लिहून घेतल्या, याचे मला समाधान वाटले.

रविवारी फोनवर वडिलांना, म्हणजे तात्यांना, हे सांगितले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "रान कुणाचं ते?"

"कुणाचंच नाही तात्या. नगरपालिकेची जागा आहे, पिकेल ते सगळ्यांचं."

"मग सावड म्हण की."

मी नाही म्हणालो. सावडीत आज मी तुझ्या रानात राबलो तर उद्या तू माझ्या रानात येतोस, आणि इर्जिकेला, म्हणजे सगळे मिळून एकाच्या रानात राबतात तेव्हा, निदान जेवण असते. येथे परतफेड कसलीच नाही, काम झाले की सगळे अंधारात धावत निघून जातात. हे मला सावडीपेक्षा थोर वाटले. लगेच 2016 चा उन्हाळाही आठवला. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी तीन तालुक्यांत आमचा कोरेगाव होता आणि वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला. ती माणसे चाळीस अंशांच्या उन्हात रोज खणत होती, कारण खणले नाही तर प्यायला पाणी नव्हते. येथला पाऊण तास त्याच्या शेजारी ठेवणे अन्यायाचे आहे, आणि कोणी ठेवला तर मी वाद घालीन. मी स्वतः त्या उन्हाळ्यात पुण्यात होतो. एका रविवारी गेलो; नोकरी नवी होती, रजा मिळत नव्हती. वेताळ टेकडीवर सकाळी पाण्याच्या बाटल्या नेऊन रोपे जगवणारे लोक मी अनेक वर्षे पाहिले, पण त्यांच्यात सामील झालो नाही, कारण कंपनीची बस पावणेआठला सुटायची. येथे काम सहाला संपते आणि संध्याकाळ माझी असते, हा फरक लहान नाही.

तात्यांनी हे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "माती कशी आहे?"

"हातमोजे होते, तात्या."

पुढच्या मंगळवारी त्याच वाफ्यात लसूण लावायचा होता. काम आटोपल्यावर, बाई अवजारे मोजत असताना, मी उजव्या हाताचा मोजा काढला, पुठ्ठ्याची कड उचलली आणि बोटे खाली घातली. पिवळसर, चिकट, बर्फासारखी गार माती. मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटांचे ठसे तसेच राहतात. गांडुळे मात्र भरपूर होती. हे मी तसेच तात्यांना सांगितले.

"मग लसूण येईल," ते म्हणाले आणि त्यांनी फोन आईकडे दिला.