पेटीवरचा मार्का

देवगडच्या एका बागायतदार कुटुंबाचं रीब्रँडिंगचं काम गेल्या सीझनला माझ्याकडे होतं, त्यातला एक दिवस सविस्तर लिहून ठेवायचा होता. कुटुंबाचं, कंपनीचं नाव लिहीत नाही. आजोबांपासून हापूसचा धंदा, पेट्या भरायच्या, वाशीला पाठवायच्या, दलाल ठरलेला. मग २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, राहिलेला आंबा झाडाखाली गेला, झाडंही मोडली, आणि त्या वर्षी घरात ठरलं की नुसत्या पेटीवर विसंबायचं नाही. काकींनी पल्प, आंबापोळी, फणसपोळी, कोकम आगळ, अमृत कोकम असं सगळं सुरू केलं, मुलगा पुण्याची नोकरी सोडून परत आला आणि ऑनलाइन विक्री बघायला लागला. आता हे सगळं एका नावाखाली, एका लोगोखाली आणायचं होतं. आधी प्रत्येक बाटलीवर वेगळंच काहीतरी छापलेलं असायचं, आगळाच्या लेबलवर तर जिथून लेबल छापून घेतलं तिथल्याच माणसाने नेटवरून घेतलेलं नारळाचं झाड होतं.

लोगो खरं तर तयार होता. मुलाने मुंबईच्या एका एजन्सीकडून करून घेतला होता आणि मला बोलावलं होतं ते पॅकेजिंगसाठी, म्हणजे खोका, लेबलं, आंब्यावरचा स्टिकर यावर तो लोगो नीट बसवून द्यायचा. पिवळ्याचा केशरी होत जाणारा आंबा, त्याला एक वळलेलं हिरवं पान, पानातून निघालेली समुद्राची लाट आणि खाली बारीक इंग्रजी अक्षरात नाव. स्क्रीनवर छान दिसायचा, हे मान्य. पण देवगड ते रत्नागिरी रस्त्याने जा, दर दुसऱ्या स्टॉलच्या बोर्डावर आंबा आणि पान आहेच. मी हे मुलाला फोनवर बोलले होते, तो म्हणाला ताई, आंबा विकतो तर आंबाच दाखवणार ना. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं म्हणून मी तेव्हा ताणलं नाही.

तो दिवस एप्रिलमधला. मीटिंग पॅकिंग शेडमध्येच, कारण सीझनमध्ये घरातलं कोणी दुसरीकडे कुठे बसूच शकत नाही. एका बाजूला आंबा साइजप्रमाणे निवडायचं काम चाललेलं, खाली पेंढा, चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी खोके लावलेले, आणि सकाळीच कोल्हापूरहून नवीन लोगोचे सॅम्पल खोके टेम्पोने आलेले. मी पहिला खोका उघडून उभा केला आणि सगळे बघत राहिले. आंबा तपकिरी झाला होता.

हे असं का होतं ते सांगते, कारण कोकणात हा प्रॉब्लेम बऱ्याच जणांना येतो. पुठ्ठ्याच्या खोक्यावर छपाई होते ती फ्लेक्सोने. रबरासारख्या मऊ प्लेटवर डिझाइन उठवलेलं असतं, प्रिंटर लोक त्याला स्टीरिओ म्हणतात, त्याला पातळ शाई लागते आणि तो खोक्याच्या कागदावर दाबला जातो. कागद खाकी क्राफ्ट, शाई शोषून घेणारा. शाई पारदर्शक असल्यामुळे खालचा खाकी रंग वर येतोच, म्हणजे पिवळा टाकला की मातकट होतो, केशरी टाकला की विटकरी. आणि पिवळ्यातून केशरीकडे जाणारी ती नाजूक छटा बारीक ठिपक्यांनी बनलेली असते, ते ठिपके दाबाने पसरतात आणि एकमेकांत मिसळतात. पांढऱ्या कोटेड कागदाचा खोका घेतला तर हे बरंच टळतं पण मग खोक्याची किंमत वाढते आणि हजारोंनी खोके लागतात तेव्हा ती वाढ काकांना परवडणारी नसते. बारीक इंग्रजी अक्षरं तर भरूनच गेली होती, ए आणि ई मधला फरक कळत नव्हता.

काकी हात पुसत आल्या, खोक्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "गो, ह्यो आंबो आसा काय पपय?"

मुलगा गप्प. त्याचे पैसे गेलेले, त्याला वाईट वाटणारच. मी म्हटलं बघू, रंग गडद करून बघू, छटा काढून टाकू, आणि लॅपटॉप उघडून बसले. दुपारभर तेच करत होते. एकीकडे काका मध्येमध्ये येऊन बघून जायचे, काही बोलायचे नाहीत.

संध्याकाळी गाडी भरायची वेळ झाली, गाडी रात्री निघते आणि पहाटे वाशी मार्केटला लागते. जुने खोके कमी पडले म्हणून काकांनी सांगितलं की आलेल्या सॅम्पलपैकी थोडे भरा, कशाला वाया घालवायचे. भरले, पट्टी मारली, गाडीकडे न्यायला लागले तर ड्रायव्हरने थांबवलं. त्याने खोका हातात गोल फिरवला, चारही बाजू बघितल्या आणि विचारलं, "मार्को खंय आसा? मार्को नाय तर वाशीक कोण वळखतलो?"

शेडवरचा नेपाळी मुलगा आत गेला, एक पत्रा आणि काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. पत्रा खोक्याच्या बाजूला धरला, रंगात बुडवलेला बोळा त्यावर दोनदा दाबून फिरवला, पत्रा उचलला. आमचा लोगो होता त्याच बाजूला, अगदी त्याच्यावर, काळा कुळकुळीत मार्का उठला. एक झाला, दुसरा झाला, तो पटापट सगळ्या खोक्यांवर मारत गेला. आणि मी दुपारभर ज्या लोगोशी झटत होते तो त्या मार्क्याच्या मागे गेला, दिसेचना. ड्रायव्हरने मान हलवली आणि खोके वर चढवायला लागला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, तयार खोके बाजारात मिळतात, त्यावर देवगड हापूस वगैरे छापलेलं असतं आणि ते सगळ्यांचे सारखेच असतात. एका गाडीत कितीतरी बागायतदारांचा माल असतो. तो पहाटेच्या अंधारात, बल्बच्या उजेडात उतरतो, माथाडी कामगार डोक्यावरून नेऊन ज्याच्या त्याच्या गाळ्यावर लावतात, आणि कोणाचा माल कुठला हे ते मार्क्यावरून ठरवतात. दलालाकडे गिऱ्हाईकसुद्धा मार्का बघून विचारतं. म्हणजे या कुटुंबाला लोगो नव्हता असं जे मी आणि मुलगा धरून चाललो होतो तसं नव्हतंच, इतकी वर्षं तो बाजारात रोज वापरात होता.

मी तो पत्रा मागून घेतला. रंगाचे थर बसून जाड झालेला, कडा हाताला लागणाऱ्या. पत्त्यातल्या चौकटसारखी उभी चौकट आणि तिच्यात 'बा', आजोबांच्या नावाचं पहिलं अक्षर. काकांना विचारलं हा कापला कोणी, तर म्हणाले, "माझ्या बापाशीन. डालड्याच्या डब्याचो पत्रो, छन्नीन कापलेलो."

आता स्टेन्सिलची एक अडचण असते. अक्षराची रेघ म्हणजे पत्र्यातलं भोक, त्यामुळे ज्या अक्षराला बंद पोट आहे त्याच्या पोटातला पत्रा सुटून खाली पडतो. तो पडू नये म्हणून रेघेत कुठेतरी थोडा पत्रा न कापता ठेवावा लागतो, पुलासारखा. ब ला तर दोन पोटं, मधल्या तिरक्या रेघेच्या वर एक आणि खाली एक. आजोबांनी दोन्हीला नेमका तिथे पूल ठेवलाय जिथे बोरूने लिहिताना रेघ बारीक होते, म्हणजे अक्षर तुटल्यासारखं वाटतच नाही. आणि चौकट अख्खी कापली असती तर आतलं सगळंच पडलं असतं, म्हणून ती चारही कोपऱ्यांना उघडी. त्या उघड्या कोपऱ्यांमुळे लांबून ती चार तिरक्या पट्ट्यांसारखी दिसते आणि आतलं अक्षर मोकळं राहतं. लेटरिंग शिकवणारा मास्तरसुद्धा यात काही बदलायला सांगणार नाही असं माझं मत आहे. मला खरंच भरून आलं ते बघून. त्यांना कोणी शिकवलं असेल?

मी तिथेच मुलाला म्हटलं, अरे लोगो हा आहे, दुसरा काढायची गरज नाही. तो म्हणाला, "ताई, पैसे देऊन जुनाच लोगो घेतला म्हणतील लोक. आणि ऑनलाइन गिऱ्हाईकाला बा काय कळणार?" मी त्याला स्टेट बँकेचा गोल दाखवला, १९७१ मध्ये एनआयडीच्या, म्हणजे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या, शेखर कामत यांनी केलेला, एक गोल आणि त्यात एक चीर, त्यात पैसे पण नाहीत आणि बँकेची इमारत पण नाही, तरी ब्रँचच्या बोर्डापासून पासबुकापर्यंत कुठेही एका रंगात ओळखू येतो. काका इतका वेळ गप्प होते ते बोलले, "वाचूक नाय इला तरी चलात, वळखूक येवक व्हया." मग त्यांनी स्वतःच एक खोका शेडच्या पार टोकाला नेऊन ठेवला आणि मुलाला म्हणाले सांग काय दिसतंय. आंबा दिसत नव्हता, मार्का दिसत होता. मुलगा थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला ठीक आहे, पण ताई तू तो नीट काढून दे, असाच्या असा नको.

असाच्या असा देणार नव्हतेच. पत्र्याचा ठसा घेतला, स्कॅन केला आणि त्यावरून नव्याने काढला. छन्नी घसरलेल्या जागा सरळ केल्या, पण पुलांच्या जागा हलवल्या नाहीत. दोन आवृत्त्या केल्या, एक खोक्याची आणि एक आंब्यावरच्या स्टिकरची, कारण स्टिकरवर तेवढ्या लहान आकारात पूल शाईने बुजतात आणि ब चा नुसता डाग दिसतो, म्हणून लहान आवृत्तीत पूल मुद्दाम रुंद ठेवले आणि रेघ जरा बारीक केली. खाली कंपनीचं नाव देवनागरीत. नावात ल आहे आणि बऱ्याच फॉन्टमध्ये तो हिंदीच्या वळणाचा येतो, मराठीचा पाकळीयुक्त ल हवा तर सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडावी लागते, तीही त्या फॉन्टमध्ये सोय असेल तरच. इथल्या कंपनीच्या नावात परका ल मला चालणार नव्हता, शेवटी तो हाताने काढला.

रंग एकच, पिकलेल्या कोकमाच्या सालीचा गडद लाल. खाकी कागदावर तो काळपट होतो पण मरत नाही, आणि आगळाच्या लेबलवर पांढऱ्या कागदावर मस्त उठतो. काकांना काळाच हवा होता. काकींनी ऐकलं नाही.

खोक्यावर बाकीच्या गोष्टींनाही जागा ठेवावी लागली. हापूसला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी, आणि काकांनी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केलेली आहे, तर ते चिन्ह एका बाजूला. पल्प आणि आगळावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी परवान्याचा, चौदा आकडी नंबर आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. ट्रेडमार्कचा अर्ज मात्र मुद्दाम काळ्यापांढऱ्यात केला, कारण १९९९ च्या कायद्याप्रमाणे रंगाचं बंधन न घालता नोंदवलेलं चिन्ह सगळ्या रंगांसाठी धरलं जातं, उद्या काकांचा काळा परत आला तरी अडचण नाही. ताजा आंबा ३१ व्या वर्गात, पल्प २९ मध्ये, अमृत कोकम ३२ मध्ये, प्रत्येक वर्गाची फी वेगळी, मुलाने तिन्ही भरले. नोंदणी होईपर्यंत लोगोशेजारी टीएम लिहिता येतं, गोलातला आर नाही, हे त्याने प्रिंटरला स्वतः दोनदा फोन करून बजावलं तेव्हा मला कळलं की लोगो आता त्याचा झालाय.

दुबईच्या खोक्यासाठी इंग्रजी नाव लागणार आहे, ते मी याच पट्ट्यांच्या जाडीवरून काढतेय, अजून झालेलं नाही. त्या निमित्ताने आसपासच्या वाड्यांमध्ये असे पत्रे बघायला जाते, पडेल, विजयदुर्ग, जामसंडे, कोणाकडे चांदणी, कोणाकडे त्रिकोणात अक्षर, कोणाकडे नुसत्या तीन रेघा. बरेच भंगारात गेले असं सांगतात. तुमच्या माळ्यावर एखादा असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी कागदावर त्याचा एक ठसा घेऊन ठेवा आणि कोणी कापला ते मागे लिहा, मी येऊन फोटो काढून नेईन.